पानखेडच्या तळ्यातली वेल

अकोला
मिती कार्तिक वद्य १२, शके १७८५ (सन १८६३)

चिरंजीव सूर्यभान पाटील, मुक्काम पानखेड, यांस नत्थुजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही परवा सुखरूप पोचलो असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. गाडीत दोन दिवस भामा वाटेकडे डोळे लावून होती. सात वर्षांची पोर. तिला वाटत होतं, आई आधीच आजोळी येऊन बसली असेल. घरात शिरल्याबरोबर तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या, परसात जाऊन आली, आणि मग माझ्या मांडीवर येऊन बसली.

जावईबापू, दहाव्याला तुमच्याकडे माणसं फार होती, म्हणून विचारलं नाही. आता विचारतो. तुमचा स्वार अकोल्याला आला आणि मी पानखेडात पोचलो, तोवर राखसुद्धा गार झाली होती. माझ्या जयवंतेचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. तळ्यात बुडाली, एवढंच तुमच्या काकांनी सांगितलं. पण जयवंता बुडणारी पोर नव्हती. मोर्णेला पूर आला की इथली पोरं काठावर उभी राहत आणि ही पलीकडे जाऊन परत येई. तिच्या आईनं त्यापायी तिला किती मारलं, ते मी पाहिलं आहे. अशी बाई तुमच्या त्या छातीएवढ्या तळ्यात बुडाली कशी?

पटवाऱ्याकडून लिहवून घेऊ नका. तुमच्या हातानं लिहा.

---

पानखेड
मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १७८५

तीर्थरूप मामाजींचे सेवेशी सूर्यभानाचा साष्टांग नमस्कार.

पत्र माझ्याच हातचं आहे. अक्षराची माफी असावी.

तळं तुम्ही पाहिलं आहे, पण वरून पाहिलं आहे. कोसभर लांब, बहुतेक ठिकाणी छातीएवढं, आणि पाणी असं नितळ की तळाशी पडलेल्या कवड्या मोजून घ्याव्यात. शेजारच्या भातकुलीचे लोक म्हणतात, पानखेडकर भाग्याचे. पण त्या नितळ पाण्याखाली सगळी वेल आहे. शिंगाड्याची आहे, कमळाची आहे, आणि तिसरी एक आहे, केसासारखी बारीक, तळापासून वरपर्यंत उभी. रान माजावं तशी माजलेली.

कार्तिकस्नानाचा तिचा नेम तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कमळं दिसली म्हणून ती घाटावरून आत गेली आणि पायाला वेल गुंडाळली. पोहणारा माणूस हातपाय मारतो, आणि तो जितके मारतो तितकी ती आवळते. पोहता येत नसतं तर कदाचित वाचली असती. मैनाबाई भोईण डोंग्यातून शिंगाडे काढत होती. तिनं बाहेर काढलं. डाव्या घोट्याला वेलीचे तीन वेढे होते. मी तेव्हा वावरात होतो, कापसाच्या वेचणीवर. निरोप आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

याहून जास्त लिहवत नाही. भामाला आशीर्वाद.

---

अकोला
पौष शुद्ध २, शके १७८५

चिरंजीव सूर्यभान पाटील यांस आशीर्वाद.

तीन वेढे. तुमचं पत्र आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. जेवायला बसलो तरी ते तीन वेढे दिसतात.

जावईबापू, ती वेल उपटून टाका. सगळी, मुळासकट. तुम्ही पाटील आहात, तळं तुमच्या हुकमात आहे. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून कापसाला जो भाव आला आहे तो आपल्या बापजाद्यांनी पाहिला नाही. इथं एकानं गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली. मी तो पैसा कशाला ठेवू? जयवंतेला पाटल्या करणार होतो. त्यातून माणसं लावतो. साठ माणसं आणि वीस रेडे पाठवतो, खाणंपिणं माझं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कामाला लागा. माझ्या पोरीला ज्यानं धरलं त्याचा एक तंतू त्या पाण्यात राहता कामा नये.

---

पानखेड
पौष वद्य १०, शके १७८५

तीर्थरूप मामाजींस साष्टांग नमस्कार.

तुमचं दुःख मला कळतं. पण थोडा विचार व्हावा. भोयांची बत्तीस घरं या तळ्यावर जगतात. शिंगाडा, मासा, कमळाचं देठ, सगळं त्यातलंच. मी सहज विषय काढला, तर मैनाबाई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो: "पाटील, वेल हाये म्हणून पानी हाये. वेल गाळाले धरून ठेवते. ते काढली का गाळ उघडा पडते, मंग वारा त्याले बसू देत नाई. तुमी काहून असं करून राहिले?"

बाई अडाणी आहे, पण साठ वर्षं पाण्यात काढली आहेत. माझं म्हणणं असं, की घाटापुढची दहा-वीस हात वेल काढून तिथं बांबूचं कुंपण घालू. बाकी तळं राहू द्यावं. गेलेलं माणूस वेल उपटून परत येत नाही.

---

अकोला
माघ शुद्ध ५, शके १७८५

सूर्यभान पाटील यांस.

गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला तुम्ही सांगता?

माझी पोर त्या वेलीनं खाल्ली आणि तुम्हाला शिंगाड्याची काळजी लागली आहे. तुमची बायको होती ना ती? नवरा वेलीची बाजू घेऊन भांडतो आणि बाप पोरीची, असं मी कुठं ऐकलं नाही. इथं लोक विचारतात. तुमच्या मामेसासऱ्यांनी तर काल तोंडावर विचारलं, "नत्थुजी, जावयाले कायचं भेव वाटते?"

आता एकदाच लिहितो. तुम्ही होळीपर्यंत काम सुरू केलं नाही, तर मी स्वतः माणसं घेऊन येतो. भोयांना पुढं घालतो, ती बुडाली ती जागा दाखवा म्हणतो, आणि तिथूनच माझ्या हातानं उपटायला लागतो.

---

पानखेड
चैत्र शुद्ध ६, शके १७८६

तीर्थरूप मामाजींस साष्टांग नमस्कार.

तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. काम झालं.

तुमची साठ आणि माझी चाळीस माणसं बावीस दिवस तळ्यात होती. आधी विळ्यांनी कापून पाहिलं, पण वेल तुटे आणि मूळ राही. मग वावरातले वखर आणले आणि रेड्यांना जुंपून तळाशी फिरवले, जसे काळ्या रानात फिरवतो तसे. त्यानं मुळं निघाली. बांधावर वेलीचे पुरुषभर उंच ढीग लागले आहेत. ते कुजायला लागले, त्याचा वास वाड्यापर्यंत येतो. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पोरांनी हातांनी धरले.

भोई कामावर आले नाहीत. मैनाबाई तेवढी रोज येऊन बांधावर बसायची. शेवटच्या दिवशी माझ्याकडं पाहून म्हणाली, "झालं समाधान?"

आणखी एक कळवायचं आहे. वैशाखात अंजनगावला माझं लग्न ठरलं आहे. वडीलधाऱ्यांचा आग्रह पडला. घरात वंशाला दिवा नाही, तुम्ही समजून घ्याल.

---

अकोला
चैत्र वद्य १३, शके १७८६

सूर्यभान पाटील यांस आशीर्वाद.

वेल गेली, बरं झालं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. भामाला सांगितलं, तुझ्या बापानं आईचा सूड घेतला.

लग्नाचं वाचलं. पुरुषाला दुसरं घर करावं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण सहा महिने झाले नाहीत. भामा लग्नाला येणार नाही. तिला ताप आहे असं तिकडं सांगा.

---

पानखेड
पौष शुद्ध १२, शके १७८६ (सन १८६५)

तीर्थरूप मामाजींस नमस्कार.

बरेच महिने पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

दरवर्षी पावसाचं गढूळ पाणी दिवाळीपर्यंत निवळतं. यंदा निवळलं नाही. वाट पाहिली. आता पौष लागला आणि पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. दुपारी वारा सुटला की तळाचा काळा गाळ उठतो, आणि तो बसायच्या आत दुसऱ्या दिवशीचा वारा येतो. वारा नसेल त्या दिवशी वर हिरवट साय धरते. बायका घागरीत तुरटी फिरवतात, तरी खाली चार बोटं चिखल बसतो. गुरं तोंड लावून मागं सरतात.

भोयांनी शिंगाडा लावला, तो अंधारात कुजला. मरळ मासोळी वेलीत अंडी घालायची, ती दिसेनाशी झाली. हिवाळ्यात पाखरं आली, एक दिवस पाण्यावर फिरली आणि उडून गेली. पूर्वी लाट वेलीतच मरायची. आता थेट बांधावर येऊन आदळते. बांध दोन जागी खचला आहे. बत्तीस घरांतली चार राहिली. बाकीचे आगगाडीच्या रस्त्यावर माती वाहायला गेले, तुमच्याच अकोल्याकडे.

गाव मला शिव्या देतं, पण हे माझ्या मनातलं काम नव्हतं. तुमची पत्रं माझ्याकडं जपून ठेवलेली आहेत.

भामाला आता पाठवून द्यावं. घरच्या मंडळींना दिवस गेले आहेत. त्यांच्या हाताखाली कोणीतरी हवं.

---

अकोला
फाल्गुन शुद्ध ३, शके १७८६

सूर्यभान,

मायना लिहिण्याइतका तू आता माझा कोणी राहिला नाहीस.

तुझं पत्र वाचून मला भोयांची लाज वाटली. उपटवायला मीच लावलं, तेव्हा त्यांना शोधून दोन पायली जवारी तरी घालावी म्हणून मी आगगाडीच्या भरावावर गेलो. भामा सोबत होती. टोपल्या घेऊन बायकांची रांग चालली होती. त्यातली एक म्हातारी भामाला पाहून थबकली. डोक्यावरची टोपली तशीच ठेवून म्हणाली, "हे जयवंताबाईची पोरगी व्हय ना? कपाळ तेच हाये."

ती मैनाबाई. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, तुमचं तळं मी मोडलं. माह्या पोरीले वेलीनं धरलं, म्हणून माहं डोकं फिरलं."

भामाला तिनं आपल्या नातीकडं पाठवलं आणि मग टोपली खाली ठेवली.

"तुमालेबी वेलच सांगतली काय त्यायनं?"

"घोट्याले तीन वेढे होते म्हणे."

"एकबी नव्हता," ती म्हणाली. "घाटावर नाई बुडाली ते. बांधाच्या मोरीपाशी, जिथून वावराले पानी सोडतात तिथं. तिथं दोन पुरुष खोल पानी हाये, अन् खाली सारा दगड. तिथं वेल होतच नाई. कधीच नव्हती."

सूर्यभान, मी त्या भरावावर उन्हात बसलो आणि तिनं सगळं सांगितलं. त्या सकाळी तुझ्या ओट्यावर अंजनगावचे पाहुणे मुलगी द्यायला आले होते. जयवंता जिवंत असताना. ती तुला बांधावर घेऊन गेली, कारण पाहुण्यांसमोर तिला बोलायचं नव्हतं. तिनं तुझा हात धरला, तू झटकला, ती मोरीच्या दगडावर डोक्यानं पडली आणि पाण्यात गेली; एवढं तूच नंतर घाबरून मैनाबाईला बोलून गेलास. मैनाबाई शिंगाड्यात होती, अर्ध्या हाकेवर. तिनं तुला बांधावर उभा पाहिला. तू खाली पाहत होतास. पाणी नितळ होतं, तुला सगळं दिसत असेल.

"हाक मारली असती तं मी पोचली असती," ती म्हणाली. "पाटील नुसते उभे. मले वाटलं, पानी पाहून राहिले. मी आपली शिंगाडे तोडत राहिली."

तिनं बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. आणि तू तिला काय सांगितलंस ते तिनं मला तीनदा सांगितलं, कारण पहिल्या दोन वेळा माझ्या कानात शिरलं नाही. तू म्हणालास, "पाहुणे जेवून जाऊ दे. तोवर इथंच राहू दे तिले, पानांखाली झाक." पाहुणे जेवून गेले. मग वाड्यात रडणं सुरू झालं.

मैनाबाईला म्हणालास, तळं तुमचंच राहील, फक्त वेलीचं नाव सांगा. बत्तीस घरांनी तोंड शिवलं. मग तूच ते तळं नासवलंस. आता तिच्याजवळ गमवायला काही नाही, म्हणून ती बोलली.

हे खोटं आहे असं लिही. तुझ्या हातानं लिही.

---

पानखेड
वैशाख शुद्ध १, शके १७८७

मामाजी,

मैनाबाई जे म्हणाली ते बरंचसं खरं आहे.

मी ढकललं नाही. हात सोडवून घेतला, एवढंच. तिचा पाय घसरला. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाकेचं म्हणाल, तर तोंडातून आवाज निघाला नाही. सगळं इतक्या झटपट झालं की कुणालाही सुचलं नसतं.

वेलीचं नाव मी घेतलं, कारण तुम्ही विचारलंत की पोहणारी बाई बुडाली कशी. मग तुम्हीच म्हणालात उपटा. मी नको म्हणत होतो, ते पत्र काढून पाहा. तुम्ही बुडाल्याची जागा पाहायला येणार होतात, आणि तिथं वेल नाही हे तुम्हाला दिसलं असतं. मी दुसरं काय करणार होतो?

झालेली गोष्ट आता तुमच्याशिवाय कुणी उकरणार नाही. मैनाबाईला कुणी विचारत नाही. भामाला पाठवा. पोर शेवटी बापाची.

---

अकोला
माघ वद्य ७, शके १७८८ (सन १८६७)

सूर्यभान,

पावणेदोन वर्षांत तुझी चार पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. परवा तुझा गाडीवान भामाला न्यायला आला, म्हणून हे लिहितो. त्याला जेवू घालून रिकामा परत पाठवला आहे.

फिर्याद मी केली नाही. अमरावतीला एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, साक्षीदार कोण? मैनाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "एकदा पाटलासाठी खोटं बोलली मी. आता खरं बोलली तं कोन मानील?" बरोबर होतं तिचं.

मग मी तळ्याच्या मागं लागलो. तुला कळलंच असेल. दोन पावसाळे मैनाबाई, तिची दोन माणसं आणि मी एलिचपूरकडच्या एका तळ्यातून ओल्या पोत्यांत मुळं घालून आणली. तुझ्या बांधावर उतरलो तेव्हा तू वाड्यातून बाहेर आला नाहीस. पहिल्या वर्षी आम्ही सगळीकडं टाकली. महिन्याभरात कुजून वर आली. दुसऱ्या वर्षी मैनाबाईनं एका कोपऱ्यात, वारा लागत नाही तिथं, चटयांचा आडोसा करून लावली. आठ दिवस हिरवी होती. मग चटयांच्या फटीतून गाळ आला आणि पानांवर बसला. तिनं एकेक पान बोटांनी पुसलं, सूर्यभान. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच गाळ.

"मुळाले उजेड पाहिजे," ती म्हणाली, "अन् उजेडासाठी पानी नितळ पाहिजे, अन् पानी नितळ व्हायले वेल पाहिजे. आता कुठून सुरू करू सांगा?" त्यानंतर ती आली नाही. यंदाच्या पोळ्याला भरावाजवळच्या झोपडीत वारली. तळं जसं होतं तसंच आहे. ते मी मोडलं. तुझ्या खोट्यानं माझ्या हातात वखर दिला असेल, पण चालव म्हणणारा मी होतो, आणि बत्तीस घरांपैकी एकालाही मी ते परत देऊ शकत नाही. लढाई संपली, कापूस पडला, ज्यांच्या चाकांना चांदी होती ते आता लोखंडाला महाग आहेत. ते सगळं सावरेल. ते पाणी सावरणार नाही.

गाडीवान आला तेव्हा भामानं विचारलं, "आबाजी, मी बाच्या घरी काहून जात नाई?" दहा वर्षांची झाली आहे. मी तिला अक्षर शिकवलं आहे. तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. तुझं वैशाखातलं पत्रही तिच्या हातात दिलं. तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. रडली नाही. घडी घालून माझ्याकडं परत दिलं आणि म्हणाली,

"त्या दिवशी बा पावन्यांच्या पंगतीत जेवला काय?"

मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. उत्तर मला लिहू नकोस, तिच्या नावानं लिही. ती स्वतः वाचेल.

नत्थुजी